दोनदा आलं म्हणजे चुकलंच असं नाही

आज डोकं फिरलंय. एका अंकासाठी नागावर लेख दिला होता, तो छापून हातात आला. नागाचं शास्त्रीय नाव मी लिहिलं होतं 'नाजा नाजा'. छापलंय नुसतं 'नाजा'. फोन केला तर मुद्रितशोधक म्हणतात, "शब्द दोनदा पडला होता, एक उडवला. आणि असं नाव चालतही नाही, मी बॉटनी शिकलोय."

अहो, पण नाग कुंडीत लावतात का?

पहिला 'नाजा' जीनसचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, दुसरा त्यातल्या एका जातीचा. एक उडवला की आफ्रिकेतले विष थुंकणारे नागसुद्धा माझ्या लेखात येऊन बसतात. गंमत म्हणजे प्राणी आणि वनस्पती, दोन्हीकडच्या भानगडींच्या मुळाशी माणूस एकच, ही दोन शब्दी नावं रूढ करणारा लिनिअस. त्याने 1758 मध्ये नागाला 'कोल्युबर नाजा' म्हटलं. पुढे नाग वेगळ्या जीनसमध्ये गेला, जीनसचं नाव नाजा, म्हणून झाला नाजा नाजा. प्राणिशास्त्राचे नियम म्हणतात, चालेल. त्यानेच एका सूचिपर्णी झाडाला 1753 मध्ये 'पायनस लॅरिक्स' म्हटलं होतं. ते लॅरिक्स जीनसमध्ये गेल्यावर लॅरिक्स लॅरिक्स व्हायला हवं होतं, पण वनस्पतींच्या नियमांत ते साफ निषिद्ध. म्हणून लॅरिक्स डेसिड्युआ.

म्हणजे ते गृहस्थ अगदीच चुकीचं बोलत नव्हते, हे मान्य. स्वतःच्या घरचा नियम बरोबर सांगत होते. पण दुसऱ्याच्या घरात! नशीब मी गोरिलावर लिहिलं नाही. पश्चिमेकडच्या सखल जंगलातला तो 'गोरिला गोरिला गोरिला', तिसरा शब्द उपजातीचा. त्याचे दोन गोरिला यांनी कचऱ्यातच टाकले असते.

आणि दोन्ही घरं एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. वडाचा जीनस फायकस, आणि समुद्री गोगलगायींच्या एका जीनसचं नावही फायकसच. दोन्ही वैध. हे मला मनापासून आवडतं, खरं सांगतो. एवढ्या पसाऱ्यात वड आणि गोगलगाय एकच नाव लावून सुखाने नांदतायत, कुणाची तक्रार नाही. चिडून लिहायला बसलो होतो, इथे जरा हसू आलं. तो माणूसही बिचारा इमानदारीने काम करत असेल. पण एक फोन करायला काय झालं होतं? नागाची अर्धी ओळख परस्पर छाटायची?

असो. प्राणिशास्त्राची बाजू घेऊन एवढं भांडतोय, पण एका गोष्टीत आमच्या लोकांचाच राग येतो. स्लोव्हेनियातल्या गुहांमध्ये एक आंधळा भुंगेरा आहे, 1937 मध्ये त्याला नाव दिलं 'ॲनॉफ्थॅल्मस हिटलरी'. आजही तेच वैध. नाव अपमानास्पद आहे एवढ्यावरून ते बदलायचं नाही, नावं स्थिर राहिली पाहिजेत, हे आमचं उत्तर. स्थैर्य हवंच, नाहीतर जुनं काही शोधता येणार नाही, कळतं मला. पण तिकडे वनस्पतीवाल्यांनी 2024 मध्ये माद्रिदला मतदान घेतलं आणि आफ्रिकेतल्या काळ्या लोकांना हिणवणाऱ्या शिवीवरून आलेली 'कॅफ्रा' नावं 'ॲफ्रा' करायचं ठरवलं. आपल्या पांगाऱ्याचा आफ्रिकन भाऊ त्यातच येतो. एक अक्षर गेलं, आभाळ कोसळलं नाही.

कमेंटमध्ये झूऑलॉजीवाले येतीलच भांडायला. या. आणि त्या अंकाचं शुद्धिपत्र पुढच्या महिन्यात येतंय, तेही प्रूफ मीच तपासणार आहे.