बोरोबुदूरचं छत्र खालीच राहू द्या

जावा बेटावरच्या बोरोबुदूर या प्राचीन बौद्ध वास्तूच्या मुख्य स्तूपावर दगडी छत्र पुन्हा चढवण्याचा बेत २०२४ मध्ये इंडोनेशियात पुढे आला. पुरातत्त्वाच्या जाणकारांनी हरकत घेतली आणि काम लांबणीवर पडलं. माझं मत विचाराल तर ते चढवूच नये.

१९०७ ते १९११ या काळात थिओडोर व्हान एर्प या डच लष्करी अभियंत्याने ढासळलेले वरचे गोल मजले दुरुस्त केले. सापडलेल्या तुकड्यांवरून त्याने तिहेरी छत्रही उभं केलं. मात्र त्यात मूळ दगड पुरेसे नव्हते, म्हणून त्यानेच ते उतरवलं. आज ते तिथल्या संग्रहालयात आहे. आपण उभं केलेलं देखणं काम पुरावा कमी पडतो म्हणून काढून घ्यायला केवढं धैर्य लागतं!

ही वास्तू आठव्या-नवव्या शतकातली, शैलेंद्र राजांच्या काळातली. गाभारा नाही, सभामंडप नाही. टेकडीवर दगड रचत नेलेले सहा चौकोनी आणि तीन गोल टप्पे आहेत. दगड चुन्याशिवाय, खाचेत खाच बसवून जोडलेत. खालच्या सज्जांतून चालताना भिंतीवर बुद्धचरित्र आणि जातककथा उलगडत जातात. अजिंठ्याच्या भिंतींवर जातककथा पाहिलेल्यांना इथे ओळखीचं काही भेटेल. वर पोचलं की कथा संपतात, कोरीवकाम थांबतं. उरतात जाळीदार ७२ स्तूप आणि मोकळं आकाश. तळाशी तर १६० शिल्पपट बांधणाऱ्यांनीच दगडांच्या जाड थराआड झाकून टाकलेले, ते १८८५ मध्ये सापडले.

खरा शत्रू होता पाणी. पाऊस टेकडीत मुरायचा, भिंती कलायच्या, शिल्पांवर शेवाळ चढायचं. १९७५ ते १९८२ दरम्यान युनेस्कोच्या मदतीने दहा लाखांहून जास्त दगड सुटे करून, साफ करून पुन्हा जागच्या जागी बसवले. आत काँक्रीट घातलं, पाण्याला वाट करून दिली. नवं साहित्य तेव्हाही वापरलं, मग छत्रालाच विरोध का, असं कुणी विचारेल. ते काँक्रीट भिंतींना आधार देतं आणि नजरेआड राहतं. छत्राने मात्र वास्तूची आकृतीच बदलेल, तीही अंदाजावर.

बौद्ध भाविकांची श्रद्धा मी मनापासून मानतो. वैशाख पौर्णिमेला जवळच्या मेंदुत मंदिरातून निघणारी मिरवणूक छत्राविनाही तितक्याच भक्तीने इथे येते. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की जुन्या दगडावर ऑइलपेंट आणि गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स, हे गावोगाव पाहून जीव तुटतो. देवळाच्या कामाला हात घालण्याआधी आपल्या विश्वस्तांनी व्हान एर्पची ही गोष्ट जरूर वाचावी.