भावोजी, पाणी निळं झालं!

आमच्या घरी माशांची उतरंड ठरलेली. पगार झाला की पापलेट, मग सुरमई, मग रावस नाहीतर हलवा, पंधरवडा उलटला की बोंबील-बांगडे, आणि पाकिटाचा तळ दिसायला लागला की कुपा. कुपा आणला की आई काही बोलायची नाही, फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची. काळपट, रक्ताळ मांस. तिखट आणि तिरफळं सढळ हाताने घातल्याशिवाय घशाखाली उतरायचं नाव नाही. याच कुप्याला इंग्रजीत ट्यूना म्हणतात, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. तेही भर दर्यात, दहा हजार रुपये मोजल्यावर.

याला जबाबदार आमचा मेव्हणा. तो लग्नानंतर अंदमानला गेला. माणसं तिथून शंखशिंपले आणतात. हा पिवळ्या पराच्या ट्यूनाबरोबरचा फोटो आणि गळाने मासे धरायचं कायमचं वेड घेऊन आला. तेव्हापासून त्याच्या हॉलमध्ये सोफ्यामागे दोन रॉड उभे असतात आणि जेवायला गेलं की वरणभाताबरोबर ट्यूना वाढला जातो, म्हणजे त्याची माहिती. २०१९च्या जानेवारीत तोक्योच्या तोयोसू बाजारात २७८ किलोचा एक ब्लूफिन ट्यूना ३३ कोटी येनांना विकला गेला. आपले वीस-बावीस कोटी रुपये! हे त्याने मला निदान सहा वेळा सांगितलं आहे. तो ब्लूफिन अरबी समुद्रात मिळत नाही, एवढंच सहाही वेळा राहून गेलं.

"भावोजी, मासा दोरा ओढून नेतो तेव्हा रीळ किंचाळताना एकदा ऐका. मग बोला."

मी म्हटलं, माझे चुलत आजोबा गावाला खाडीवर गरवायला जायचे. एक गरी, थोडा तंगूस म्हणजे गळाचा दोरा, आमिषाला कोलंबी. दुपारी जेवायच्या आत चार मासे घेऊन परत. त्यावर तो असा हसला, जणू आजोबा लंगोट नेसून क्रिकेट खेळायचे असं मी सांगितलं असावं.

तर फेब्रुवारीतला रविवार, पहाटेचे चार, वर्सोव्याची खाडी. वेळ मेव्हण्याने नव्हे, समुद्राने ठरवलेली. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी गाळ उघडा पडतो, त्यामुळे भरतीचं पाणी आहे तोवर निघायचं. अंधारात एकाला एक खेटून उभ्या असलेल्या बोटी, वाळत घातलेल्या बोंबलांचा घमघमाट आणि एका फळीवरून बोटीत शिरायची कसरत. त्या फळीवरून खलाशी पोरगा डोक्यावर बर्फाची लादी घेऊन चालत गेला. मी दोन्ही हात मोकळे असूनही चार पायांवर गेलो.

आत गेल्यागेल्या मेव्हण्याने माझी पिशवी तपासली. बायकोने वाटेत खायला सहा वेलची केळी दिली होती.

"केळी? भावोजी, बोटीवर केळी? जगातला कुठलाही अँगलर बोटीवर केळं येऊ देत नाही. अपशकुन असतो."

चार वर्षांपूर्वी घराची वास्तुशांत अंधश्रद्धा म्हणून टाळणारा हा माणूस. केळी खाडीत जाणार, तोच बोट हाकणाऱ्या तांडेलाने हात पुढे केला. "आना इकडं. आमी कोली मानसं, आमाला काय नाय होत." साठीचा, काळ्याभोर दगडातून काढलेला माणूस. सुकाणू पायाच्या अंगठ्याने सांभाळत त्याने पहिलं केळं सोललं.

किनाऱ्यावरचे दिवे लहान होत गेले आणि मला बोट लागली.

गाडी लागण्याचा मला शालेय सहलींपासूनचा अनुभव आहे. पण गाडी लागली की ड्रायव्हरला सांगून थांबवता येते. बोट थांबवली की जास्त लागते. मेव्हण्याने सांगितलं की आतल्या कानातला तोल म्हणतो आपण हलतोय आणि डोळे म्हणतात नाही, त्यातून हे होतं. म्हणजे भांडण कानाचं आणि डोळ्याचं, आणि मिटवायला पोटाला बोलावलं जातं. उलटीची गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते. मी ती पहिली उलटी झाल्यावर घेतली. दुसऱ्या उलटीत ती जशीच्या तशी दिसली.

"क्षितिजाकडे बघा, भावोजी."

बघितलं. क्षितिजही हलत होतं.

आता इथे भूगोल आडवा आला. मुंबईसमोरचा समुद्र उथळ आहे. आपल्या किनाऱ्यापासून समुद्रबूड जमीन इतकी लांबवर पसरलेली आहे की, जिथून तेल काढतात ते बॉम्बे हाय किनाऱ्यापासून १६० किलोमीटर दूर असूनही तिथे खोली जेमतेम ७५ मीटर. पंचवीस मजली इमारत उभी केली तर गच्चीवर वाळवण घालता येईल. अंदमानात किंवा लक्षद्वीपला बेटावरून निघालं की थोड्याच वेळात तळ दिसेनासा होतो. इथे तासन् तास जा, समुद्र आपला कमरेएवढा असल्यासारखा. त्यात किनाऱ्याजवळ पाणी गढूळ, आणि ट्यूनाला स्वच्छ पाणी लागतं. तो नजरेवर शिकार करतो. त्यामुळे आधी चहाच्या रंगाचं पाणी, मग शेवाळी, मग हिरवं, असे तीन तास गेले. दर वीस मिनिटांनी मेव्हणा वाकून रंग तपासत होता. मीही वाकलेलोच होतो, कारण वेगळं होतं.

"भावोजी, पाणी निळं झालं!"

मी बघितलं. खरंच निळं झालं होतं. ते आणखी रंगीत करायचं माझ्यात आता काही उरलं नव्हतं.

मग बोटीचा वेग सात नॉटवर आणला, म्हणजे ताशी तेरा किलोमीटर, आणि मागे दोन रॉडवर दोन खोटे मासे सोडले. एकेक खोटा मासा हजार-बाराशेचा. रंगवलेले डोळे, चंदेरी पोट, आत खुळखुळा. एवढ्या पैशांत खरे बांगडे टोपलीभर येतात, असं मी म्हटलं. खलाशी पोरगा मान खाली घालून हसला.

आणि मग काही नाही. एक तास काही नाही. दोन तास काही नाही. डोक्यावर ऊन, खाली इंजिनाची धग, मोबाईलला रेंज नाही आणि मेव्हण्याने डब्यातून काढलेली अंडाभुर्जी. ट्यूनाला कल्ले हलवून श्वास घेता येत नाही, तोंड उघडं ठेवून सतत पोहावं लागतं तेव्हा कुठे कल्ल्यांवरून पाणी जातं, थांबला की गुदमरतो, हे त्याने भुर्जी खाताखाता सांगितलं. तोंड उघडं ठेवून जगणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी नीट समजत होतं.

तांडेलाला मी विचारलं, "काका, तुम्ही कसे पकडता?"

"आमी? डोल लावतो." त्याने चौथं केळं सोललं. "जालं खुंटाला बांदायचं. भरती-ओहोटीचं पानी चालतं, म्हावरं आपसूक आत येतं. तवर आमी झोपतो." थोडं थांबून मागच्या दोऱ्यांकडे बघत म्हणाला, "तुमी म्हावऱ्याच्या मागं धावता. डिझेल जालून." त्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखर आश्चर्य वाटत होतं.

शेवटचं केळं संपवून त्याने साल पाण्यात टाकलं आणि उजवीकडे हनुवटी उडवली. "पाखरं."

लांबवर पांढऱ्या पक्ष्यांचं झुंबड उडालेलं मोहोळ पाण्यावर आपटत होतं. खालून मोठा मासा बारक्या मासळीला वर रेटतो, वरून पाखरं तुटून पडतात. ती बारकी मासळी म्हणजे आपणच, संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर. तांडेलाने थव्यात न घुसता कडेकडेने बोट वळवली. आणि रीळ किंचाळलं.

ते किंचाळणं खरंच ऐकण्यासारखं होतं, हे कबूल करतो. मेव्हण्याने माझ्या कमरेला एक पट्टा बांधला. त्याला पुढे रॉडचा बुंधा खोचायची प्लास्टिकची वाटी असते आणि तो बांधून कुठलाही माणूस प्रतिष्ठित दिसू शकत नाही. "तुमचा मासा, भावोजी!" मला नको होता. पण तोवर रॉड हातात आला होता आणि पलीकडून कोणीतरी तो परत मागत होतं.

दहा-बारा मिनिटं. मी चार फिरक्या गुंडाळायच्या, त्याने दहा सोडवून न्यायच्या. हाताच्या शिरांनी काम सोडलं, गुडघे कठड्याला लागून सोलले. एक मात्र झालं, पोट गप्प बसलं. शेवटी तो बोटीखाली गोल गोल फिरायला लागला. दमलेला ट्यूना असाच फिरतो म्हणे. निळ्या पाण्यात खोल एक चांदीचं ताट कलंडत, झळकत वर येत होतं. तेवढा वेळ मी काहीही बोललो नाही. मेव्हणाही बोलला नाही, जे जास्त विशेष.

तांडेलाने वाकून शेपटीच्या मुळाशी पकडून मासा आत घेतला. फळ्यांवर टाकताच तो इतक्या वेगाने थरथरला, की जणू पत्र्याच्या डब्यावर मोबाईल व्हायब्रेटवर ठेवलाय. मी हात लावला आणि दचकलो. मासा थंड नव्हता. समुद्राच्या पाण्यापेक्षा कोमट, चक्क अंगात कणकण असल्यासारखा. ट्यूना आपल्या स्नायूंची ऊब राखून ठेवतो, मेव्हण्याला पुन्हा कंठ फुटला. पाठीवर काळ्या नागमोडी रेघा, छातीच्या पराखाली बोटाने टेकवल्यासारखे दोन-चार काळे ठिपके.

ते ठिपके मी ओळखले. आमच्या ओट्यावर, महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला, शेकडो वेळा बघितले होते.

"हा कुपा आहे," मी म्हणालो.

"ट्यूना आहे, भावोजी."

"काका, हा काय आहे?"

"गेदर," तांडेल म्हणाला. "कुप्यातलाच."

भरला चार किलो. लगेच रक्त काढून बर्फात घातला, कारण उन्हात राहिला तर या माशात असं काही तयार होतं की शिजवलं तरी जात नाही आणि अंगावर गांधी उठतात. दुसरा लागलाच नाही. मेव्हण्याचा एक खोटा मासा तेवढा कशालातरी लागून कायमचा गेला. त्याने मोठ्या मनाने गेदर मला दिला. माझा वाटा दहा हजार. हिशोब मी परतीच्या वाटेत केला. अडीच हजार रुपये किलो.

वर्सोव्याहून रिक्षाने अंधेरी. मेव्हणा तिथूनच त्याच्या घरी गेला. थर्माकोलच्या खोक्यातून लालसर पाणी ठिबकायला लागल्यावर लोकलच्या साध्या डब्यात चढायची हिंमत झाली नाही, मालडब्यात शिरलो. तिथे रिकाम्या पाट्या घेऊन तीन कोळणी बसलेल्या. त्यातली सगळ्यात थोरली खोक्याकडे बघत होती.

"काय हाय रं त्यात?"

"ट्यूना," मी म्हणालो. का म्हणालो माहीत नाही. दिवसभर ऐकून तोंडात बसलं होतं.

तिने सरळ झाकण उघडलं, कल्ला वर करून बघितला, पोटावर अंगठा दाबला. "गेदर हाय. ताजा हाय पन." मग माझ्या सोललेल्या गुडघ्यांकडे, मिठाने पांढऱ्या पडलेल्या शर्टाकडे नजर टाकून तिने विचारलं, "कितीला घेतलास?"

अडीच हजार सांगायची छाती झाली नाही. मनात येईल तेवढा खाली उतरत गेलो आणि म्हणालो, "चारशे रुपये किलो, मावशी."

तिने झाकण लावलं आणि शेजारणीकडे वळून म्हणाली, "बग, शिकल्याली मानसं."