समुद्रच 35,000 चा, मग 40 टीडीएसने काय बिघडतं?

रीफ टँकवाल्यांच्या (खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये कोरल म्हणजे प्रवाळ पाळणाऱ्यांच्या) व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. समुद्राच्या पाण्याचा टीडीएसच (लिटरमागे किती मिलिग्रॅम पदार्थ विरघळलेत तो आकडा) 35,000 च्या आसपास, तेव्हा स्वयंपाकघरातल्या आरओचं 40 टीडीएसचं पाणी टँकला खुशाल घाला. डीआय रेझिन (आरओनंतर पाण्यात उरलेलं शोषणारे दाणे) ही दुकानदाराची कमाई. आणि टीडीएस मीटरवर शून्य आलं की विषय संपला.

हे 40 कशाचे, ते मीटर सांगतच नाही. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजून आकडा काढतो, बस. साधं मीठ असेल तर हरकत नाही. नायट्रेट, फॉस्फेट असेल तर? पिण्याच्या बऱ्याच प्युरिफायरमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो, तो मेंब्रेनमधून (आरओच्या गाळणाऱ्या पडद्यातून) न गेलेलं थोडं पाणी परत मिसळतो. काहींत तर आरोग्याच्या नावाखाली मुद्दाम तांबं सोडतात. माणसाला मानवणारं हे तांबं श्रिम्प, स्नेल आणि कोरलला अगदी अल्प प्रमाणातही मारक असतं.

त्यात रोजचा टॉप-अप, म्हणजे उडून गेलेल्या पाण्याची भर. उडून जातं ते नुसतं पाणी, विरघळलेलं सगळं टँकमध्येच राहतं. 200 लिटरच्या टँकमध्ये रोज 3 लिटर असं पाणी घातलं तर महिन्याला 3,600 मिलिग्रॅम, म्हणजे लिटरमागे 18 मिलिग्रॅम भर पडते. फॉस्फेट मात्र आपण लिटरमागे 0.1 च्या आत ठेवायला धडपडत असतो. (नुसते मासे असतील आणि पाण्यात तांबं नसेल, तर 40 बहुतेक चालून जातं. तेवढं मान्य.)

रेझिन भराभर संपतं ही तक्रार खरी आहे, पण दोष बऱ्याचदा त्याच्या आधीच्या टप्प्यांत असतो. नळाला, मेंब्रेननंतर आणि रेझिननंतर असा तीन ठिकाणी टीडीएस मोजा. 400 चे 12 झाले तर मेंब्रेन 97 टक्के अडवतंय, उत्तम. 60 झाले तर लगेच नवं मेंब्रेन आणू नका, आधी प्रेशर बघा. गच्चीवरची टाकी 10 मीटर वर असली तरी जेमतेम 14 पीएसआय (दाबाचं एकक) प्रेशर मिळतं. मेंब्रेनला 50-60 हवं. प्रेशर वाढवणारा बूस्टर पंप आहे का? गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर तुंबलाय का? ओ-रिंग (सांध्यातली रबरी रिंग) नीट बसलीय का? क्लोरीन काढणारा कार्बन ब्लॉक फिल्टर संपला असेल तर क्लोरीन मेंब्रेन खराब करतं, तेव्हा तो आधी बदला. मशीन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं आकडा चढाच येतो, ते पाणी सोडून द्या. मेंब्रेननंतरचा आकडा चांगला असूनही रेझिन टिकत नसेल, तर संशय कार्बन डायऑक्साइडवर, विशेषतः बोअरच्या पाण्यात. हा वायू मेंब्रेनमधून सहज पार होतो आणि रेझिन खातो. आरओचं पाणी ड्रममध्ये भरून रात्रभर एअर स्टोनने हवेचे बुडबुडे सोडा म्हणजे हा वायू उडून जाईल, मग डीआयमधून काढा.

राहिलं शून्य. सिलिका मीटरला जवळपास दिसतच नाही, आणि संपत आलेलं रेझिन ती इतरांच्या आधी सोडायला लागतं. मीटर शून्यावर आणि वाळूवर तपकिरी थर (सिलिकावर पोसणारं शेवाळ), असं असेल तर सिलिकेटची, म्हणजे सिलिकाचीच, टेस्ट किट टँकच्या पाण्याला नाही, डीआयच्या पाण्याला लावा.