जेसीबी फिरवला म्हणजे ग्रेडिंग झालं असं नसतं हो

पावसाळा तोंडावर आला की एक मेसेज फिरतो, परवा आमच्या पुण्याजवळच्या भूगावच्या प्लॉटवाल्यांच्या ग्रुपवर परत आला. म्हणे छोट्या प्लॉटला ग्रेडिंग-बिडिंग (म्हणजे पाणी नीट वाहून जाईल असा जमिनीला मोजून ढाळ देणं) शिकायची गरज नाही, मुरूम टाकून सपाट करून घ्या, भराव एका पावसात आपोआप बसतो, ढाळ डोळ्यालाच कळतो आणि पाणी आपली वाट काढतंच. दहा गुंठ्यांत चार घरांसाठी हे काम मी शिकत शिकत केलंय, म्हणून राहवत नाही.

सपाट करा म्हणे. अहो, सपाट जागेवर पाणी साचतं! घरापासून बाहेर उतार हवाच, अमेरिकेतल्या घरबांधणीच्या कोडमध्ये तर पायालगतच्या पहिल्या 10 फुटांत 6 इंच मागतात. आपल्याकडे तेवढी मोकळी जागा नसते हे मान्य, पण म्हणून शून्य? त्यात खाली काळी माती असेल तर ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, वरचे पेव्हर हलतात आणि शिव्या खातो गवंडी.

भराव बसतो, पण सगळीकडे सारखा बसत नाही. माझ्याच कोपऱ्यात कंत्राटदाराने तीन फूट मुरूम एकदम ओतला, वरून जेसीबी दोनदा फिरवला, दिसायला एकदम टणक. जुलैत आजूबाजूचं सगळं खचलं आणि ड्रेनेजचा चेंबर चार बोटं वर उघडा राहिला. सगळं उकरून परत 6-8 इंचांचे थर टाकले, दर थराला पाणी मारून रोलर, म्हणजे पैसे डबल गेले.

डोळ्याला ढाळ कळतो हे तर साफ चूक, समोर डोंगर असला की डोळा फसतोच. मला मागे उतार वाटत होता, ट्यूब लेव्हल लावली तर चार इंच चढ निघाला! साधी पारदर्शक नळी असते, पाणी भरायचं, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, बस. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं, तिथून खाली जमीन किती ते मोजायचं. ऑटो लेव्हल (तिकाटण्यावरची लेव्हल बघायची दुर्बीण) वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा, स्टाफवर, म्हणजे समोर उभ्या धरलेल्या आकड्यांच्या पट्टीवर, आकडा मोठा म्हणजे तिथली जमीन खाली, नवीन माणूस हमखास उलटं धरतो. आणि लेव्हल घेतल्याशिवाय मुरूम मागवूच नका, एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, तो फूटभर उचलायला दाबून बसलेला साधारण 11 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) मुरूम लागतो, सुटा त्याहून जास्त. उंच बाजूचा मुरूम काढून खाली टाकता आला तर तेवढे डंपर वाचतात.

राहिलं पाणी. ते वाट काढतं हे खरं, पण कुठून? 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने पूर येऊन कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत काय केलं ते पुण्यात सगळ्यांनी बघितलंय. माझ्या प्लॉटच्या कडेला एक कोरडी घळ होती, मी ती बुजवायलाच निघालो होतो, शेजारचे आजोबा म्हणाले "थांब, आषाढात बघ". बघितलं, गुडघाभर पाणी वाहत होतं. आता तिथे दगड लावून चर केलाय आणि चारही घरांचा ढाळ त्याच्याकडे दिलाय.