मॅमथ ताजा नव्हता, टिकलेला होता

सायबेरियातल्या मॅमथबद्दलचा एक मजकूर दर काही महिन्यांनी फोनवर नव्याने येतो. त्याचं सार असं: चरता चरता मॅमथ क्षणात गोठले, घास तोंडातच राहिला; त्यांचं मांस इतकं ताजं की न्यूयॉर्कला मेजवानीत वाढलं गेलं; एकाच्या अंगातून तर वाहतं रक्त निघालं; आणि पेशी जिवंत असल्यामुळे मॅमथ लवकरच पुन्हा जन्माला येणार. यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या तळाशी एखादी खरी घटना आहे, म्हणून ते पटकन पटतं. निष्कर्ष मात्र चारही चुकीचे आहेत, आणि जे खरोखर थक्क करणारं आहे ते त्यांच्याखाली दडपलं जातं.

तोंडात घास असलेला प्राणी म्हणजे बेरेझोव्हका मॅमथ. सायबेरियातल्या कोलिमा नदीला मिळणाऱ्या बेरेझोव्हका नदीच्या काठी तो १९०० साली सापडला आणि १९०१ मध्ये ऑटो हर्ट्झ यांच्या पथकाने खणून सेंट पीटर्सबर्गला नेला. त्याच्या दातांत वनस्पती अडकलेल्या होत्या, हे खरं. पण त्यावरून मरण अचानक आलं एवढंच कळतं. गोठणंही अचानक झालं, हे त्यातून निघत नाही. त्याचं कंबरेचं हाड आणि पुढचा एक पाय मोडलेला होता, म्हणजे तो कुठेतरी कोसळला असावा. खाल्लेल्या वनस्पतींमध्ये पिकलेल्या बिया होत्या, म्हणजे दिवस उन्हाळा सरतानाचे होते. आणि क्षणात गोठला असता तर आतले अवयव शाबूत हवे होते. हर्ट्झ यांनी तर जठराची भिंत कुजून फाटल्याची नोंद केली आहे, आणि खणताना दुर्गंधीने सगळे हैराण झाले होते.

हत्तीएवढा देह क्षणात गोठूच शकत नाही. जाड कातडी, खाली चरबी, वर लोकर. आत शेकडो किलो चारा, आणि प्राणी मेला तरी तो आंबवत राहणारे जिवाणू. थंडी बाहेरून आत सरकते आणि सडणं आतून बाहेर येतं. त्यामुळे खांद्याचे आणि मांडीचे स्नायू टिकतात, पोट जातं. अमेरिकी भूवैज्ञानिक विल्यम फॅरंड यांनी १९६१ मध्येच ‘सायन्स’ नियतकालिकात या ‘क्षणात गोठण्या’चा मुद्देसूद समाचार घेतला होता. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी दावा जसाच्या तसा फिरतो आहे.

अलास्कातला ‘ब्लू बेब’ या नावाचा स्टेप बायसन (हिमयुगातला रानबैल) इथे सर्वांत बोलका पुरावा आहे. १९७९ मध्ये फेअरबँक्सजवळ सोन्याच्या खाणीत तो सापडला. अंगावर व्हिव्हिअनाइट या खनिजाचा निळा थर, कातडीवर नखांच्या खुणा, आणि सिंहाच्या दाताचा तुटलेला तुकडा. त्याचा अभ्यास करणारे पुराजीवशास्त्रज्ञ डेल गथ्री यांनी त्यावरून मरणाचा क्रम लावला: हिमयुगातल्या सिंहांनी त्याला मारलं, बराच भाग खाल्ला, आणि मग उरलेला देह थंडीत कडक झाला. म्हणजे शिकाऱ्यांचं जेवण होईपर्यंत मांस मऊ होतं. क्षणाचा प्रश्नच नाही.

आता मांस ताजं असण्याबद्दल. गथ्री यांनी या बायसनच्या मानेचा थोडा भाग शिजवून सहकाऱ्यांसह खाल्ला होता, हे मी लपवणार नाही. बेरेझोव्हकाचं मांसही कुत्र्यांनी खाल्लं. पण पोटात घालता येणं आणि ताजं असणं यांत मोठं अंतर आहे. प्राणी मेला की स्नायूतला ऊर्जेचा पुरवठा बंद होतो, तंतू ताठरतात, लॅक्टिक आम्ल साचतं, आणि पेशीतलीच विकरं (एन्झाइम) पेशीची प्रथिनं तोडू लागतात. त्यानंतर हळूहळू गोठताना बर्फाचे स्फटिक वाढतात आणि पेशींची आवरणं फाडतात. पुढच्या हजारो वर्षांत बर्फ थेट वाफ होऊन निघून जातो आणि स्नायू आक्रसून तपकिरी, तंतुमय होतो. घरच्या फ्रीजरमध्ये महिनोन्महिने विसरलेलं मटण कडेला कोरडं, फिकट पडतं, ती याच प्रक्रियेची सुरुवात असते. सगळ्यात शेवटी टिकून राहतात ते कंडरा आणि स्नायूंभोवतीचे कोलॅजेनचे पडदे, म्हणून कोणता स्नायू कुठे जोडलेला होता हे आजही पाहता येतं.

टिकण्याची वाटही एकच नाही. २००७ मध्ये यमाल द्वीपकल्पात सापडलेलं ल्यूबा हे मॅमथचं पिल्लू चिखलात गुदमरून मेलं होतं. लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंनी तिचा देह जणू मुरवला आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना दूर ठेवलं, असं तिचा अभ्यास करणाऱ्यांचं मत आहे.

मेजवानीचा मुद्दा लवकर संपतो. न्यूयॉर्कच्या एक्सप्लोरर्स क्लबचं ते जेवण १३ जानेवारी १९५१ रोजी झालं. त्यातला एक तुकडा बाटलीत जपून ठेवला होता. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचा डीएनए तपासून २०१६ मध्ये निकाल छापला: तो हिरवा समुद्री कासव होता.

‘वाहतं रक्त’ २०१३ मध्ये माली ल्याखोव्स्की बेटावरच्या मॅमथजवळ मिळालं. हवा उणे दहा अंशांच्या आसपास असूनही गडद द्रव वाहत होता. पण सस्तन प्राण्याचं रक्त शून्याच्या अर्धा अंश खालीच गोठू लागतं. उणे दहाला जे वाहतं ते नेहमीचं रक्त नव्हे, त्याची रचना पार बदललेली असली पाहिजे. बातमीतच तिचं उत्तर होतं.

राहिल्या जिवंत पेशी. या दाव्याच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा जपानमधला आहे: तेरुहिको वाकायामा यांच्या गटाने १६ वर्षं उणे २० अंशांत ठेवलेल्या उंदरांपासून २००८ मध्ये क्लोन जन्माला घातले, आणि त्या पेशीही मेलेल्याच होत्या. म्हणजे पेशी मेली तरी केंद्रक कामाचं असू शकतं. पण १६ वर्षं आणि हजारो वर्षं यांत डीएनएचे तुकडे होत राहतात. जपानच्याच किंदाई विद्यापीठाने २०१९ मध्ये युका या मॅमथच्या स्नायूतून केंद्रकासारख्या ८८ रचना वेगळ्या काढल्या आणि काही उंदराच्या अंड्यांत सोडल्या. विभाजनाच्या तयारीची काही चिन्हं दिसली. विभाजन झालं नाही. आज ज्याला ‘मॅमथ परत आणणं’ म्हणतात ते आशियाई हत्तीच्या पेशींमधली जनुकं बदलण्याचं काम आहे. तो हत्ती आपल्या तिलारीच्या खोऱ्यात उतरतो तोच, आणि संकटग्रस्त आहे. बावीस महिन्यांचं गरोदरपण त्याच्या माद्यांवर लादायचं का, हा प्रश्न मला क्लोनच्या स्वप्नापेक्षा जास्त छळतो.

आणि जे दडपलं जातं ते हे: २०२५ मध्ये स्टॉकहोमच्या गटाने युकाच्याच ऊतीतून आरएनए वाचला. कोणती जनुकं चालू आहेत हे सांगणारा, डीएनएपेक्षा किती तरी नाजूक, मेल्यावर काही तासांत विरू लागणारा रेणू. त्यात स्नायू आकुंचनाची जनुकं चालू असल्याची नोंद मिळाली, आणि मरणापूर्वी पेशींवर ताण होता याच्याही खुणा. युकाला वर्षानुवर्षं मादी समजलं जात होतं. याच अभ्यासात त्याच्यात वाय गुणसूत्र असल्याचं, म्हणजे तो नर असल्याचं निघालं.