'कोणतंही लाल ऑइल चालतं' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. "ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल घरीच बदला, गॅरेजचे पैसे वाचवा" असं त्याचं शीर्षक आहे. त्यात पाच गोष्टी सांगितल्या आहेत. एक, सगळ्या ऑटोमॅटिक गाड्यांना एकच लाल ऑइल लागतं, स्वस्तातलं घ्या. दोन, आतला फिल्टर म्हणजे नुसती जाळी, पेट्रोलनं धुऊन परत लावा. तीन, गॅस्केट आणि वॉशर विकत घेऊ नका, सिलिकॉन पुरतं. चार, इंजिन ऑइलसारखं दर १०,००० किलोमीटरला बदला. पाच, जेवढं निघालं तेवढंच मोजून भरा, लेव्हल बघायची गरज नाही.

हे काम घरी करायला माझा विरोध नाही. मी स्वतःच्या गाडीचं घरीच करतो आणि नीट केलं तर ते समाधानाचं काम आहे. माझा आक्षेप या सामानाच्या यादीवर आहे. नागपुरात मानेवाड्याला राहणाऱ्या माझ्या मावसभावानं याच यादीप्रमाणे सामान आणलं आणि आपल्या सीव्हीटी (ऑटोमॅटिकचाच एक प्रकार) सेडानमध्ये लाल ऑइल भरलं. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, "दादा, गाडी सिग्नलवरून उचलताना थरथरून राहिली." त्या गाडीचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो.

आधी ऑइल, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथंच होतं.

'ऑटोमॅटिक' हे एका यंत्राचं नाव नाही. आपल्या रस्त्यांवर या एका शब्दाखाली चार वेगवेगळे गिअरबॉक्स फिरतात. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलाच्या जोरावर पुढं देणाऱ्या) गिअरबॉक्समध्ये ऑइलात बुडालेल्या क्लच प्लेट्स असतात. त्या झटका न देता पकडाव्यात यासाठी ऑइलातली घर्षणाची रसायनं मोजून-मापून घातलेली असतात. सीव्हीटीत गिअरच नसतात. दोन पुलींच्या चिमट्यात पोलादी पट्टा फिरतो, आणि पोलादावर पोलाद घसरू नये हे त्या ऑइलचं काम असतं. म्हणजे एका ठिकाणी मऊ पकड हवी आणि दुसऱ्या ठिकाणी घट्ट. पहिल्याचं ऑइल सीव्हीटीत घातलं की पट्टा पुलीवर घसरायला लागतो, आणि एकदा पुलीच्या पृष्ठभागावर ओरखडे पडले की कोणतंही ऑइल ते भरून काढत नाही. तिसरा प्रकार ड्युअल क्लचचा. त्यात कोरडा आणि ओला असे दोन पोटभेद आहेत आणि दोघांची ऑइलं वेगळी. चौथा एएमटी. २०१४ साली सेलेरिओबरोबर मारुतीनं तो आपल्याकडे आणला, पुढं टियागो, क्विड अशा कितीतरी गाड्यांत तो आला. हा आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं यंत्र करतं. त्याला गिअर ऑइल लागतं आणि बऱ्याच गाड्यांत यंत्राच्या छोट्या टाकीत वेगळं हायड्रॉलिक ऑइल. त्यात एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल ऑइल) ओतायला सांगणाऱ्यानं एएमटी कधी उघडून बघितलेला नाही, एवढं मी खात्रीनं म्हणतो.

आणि गाडीच्या नावावरूनही ऑइल ठरत नाही. बलेनो २०२२ च्या नव्या रूपाआधी सीव्हीटीत मिळायची, त्यानंतर एएमटीत. होंडा सिटी २०१४ च्या आधीच्या पिढीत पाच गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरची होती, २०१४ पासून सीव्हीटी झाली. अर्टिगा चार गिअरवरून २०२२ साली सहावर गेली. दुकानात जाऊन "बलेनो ऑटोमॅटिकचं ऑइल द्या" म्हटलं तर काउंटरवरचा माणूस अंदाजानं डबा देणार, आणि चूक त्याची म्हणता येणार नाही.

बरं, दोन्ही गाड्या टॉर्क कन्व्हर्टरच्या आणि दोन्ही एकाच कंपनीच्या असल्या तरी? टोयोटाचंच बघा. जुन्या गिअरबॉक्सना टी-फोर नावाचं ऑइल, नंतरच्यांना डब्ल्यूएस. दोन्ही लालच. पण १०० अंशांवर टी-फोरचा दाटपणा ७ सेंटिस्टोकच्या आसपास असतो आणि डब्ल्यूएसचा साडेपाचच्या. नव्या गिअरबॉक्सचे सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह) आणि बारीक वाटा त्या पातळ ऑइलवर बेतलेल्या असतात. लाल हा फक्त रंग आहे. गळती झाली तर ती इंजिन ऑइलची नाही हे खाली पडलेल्या थेंबावरून कळावं, एवढाच त्याचा उपयोग. झेडएफ या जर्मन कंपनीच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्सचं मूळ ऑइल तर हिरवं असतं.

मेसेजमधलं 'स्वस्तातलं लाल' म्हणजे बहुतेक वेळा डेक्स्रॉन-३ (जनरल मोटर्सचं जुनं ऑइल-मानक) लिहिलेला डबा. जनरल मोटर्सनं डेक्स्रॉन-३ ची लायसन्स २००६ अखेरीस थांबवली आणि त्याजागी डेक्स्रॉन-६ आणलं. त्यामुळे आज डब्यावर डेक्स्रॉन-३ दिसलं तर त्यामागं फक्त डबा भरणाऱ्याचा शब्द आहे, जनरल मोटर्सची तपासणी नाही. काही जुन्या गिअरबॉक्सना ते चालेलही. पण डब्यावर 'मान्यताप्राप्त' लिहिलंय की 'साठी योग्य' लिहिलंय, हे वाचायची सवय लावा. पहिल्यात गाडी बनवणाऱ्याची सही असते, दुसऱ्यात ऑइल विकणाऱ्याचं मत. सीव्हीटीसाठी मी दुसरं कधीही घेणार नाही, चारशे रुपये वाचत असले तरी नाही.

मग निवडायचं कसं? गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत शेवटाकडे ऑइलांचा तक्ता असतो, त्यात गिअरबॉक्सच्या ओळीत नेमकं नाव छापलेलं असतं. पुस्तिका हरवली असेल तर १७ अक्षरांचा चॅसिस नंबर कंपनीच्या पार्ट काउंटरवर द्या. त्या नंबरावरून ऑइल, फिल्टर, गॅस्केट आणि वॉशर यांचे पार्ट नंबर निघतात. ते लिहून घ्या. त्यानंतर सेंट्रल ॲव्हेन्यूच्या दुकानातून घ्या की ऑनलाइन मागवा, तुमची मर्जी. फक्त पिंपातून सुटं ऑइल घेऊ नका, आणि बिलाशिवाय डबा घेऊ नका.

आता फिल्टर. इथं मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, म्हणून तो जास्त फसवतो. काही जुन्या गिअरबॉक्सचा फिल्टर खरोखरच पितळी किंवा पोलादी जाळीचा असतो आणि तो धुता येतो. पण बहुतेक नव्यांत प्लॅस्टिकच्या बंद डबीत नमद्यासारखा थर असतो. त्यात अडकलेली भुकटी कितीही धुतली तरी निघत नाही, आणि पेट्रोलनं त्यावरचं रबर फुगतं. झेडएफच्या काही गिअरबॉक्समध्ये फिल्टर पॅनमध्येच (गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या ट्रेमध्ये) ओतलेला असतो, तिथं अख्खा पॅनच बदलायचा. अनेक सीव्हीटींत दोन फिल्टर असतात. एक पॅनमध्ये, दुसरा कूलरजवळच्या झाकणामागं, कागदी, अंगठ्याएवढा. हा दुसरा मेसेजवाल्याला माहीतच नाही. शिवाय काही गिअरबॉक्सचा फिल्टर गिअरबॉक्सचं कवच उघडल्याशिवाय हाती लागत नाही. तिथं तो विकत घेऊ नका, ऑइलच बदला.

फिल्टर घेताना त्याबरोबर ओ-रिंग (रबरी गोल कडी) आहे का ते डबा उघडून बघा. आणि बसवताना एक गोष्ट अगदी न चुकता करा: जुनी ओ-रिंग जुन्या फिल्टरच्या नळीवर आली की वरच्या भोकातच राहिली, ते बोट घालून तपासा. ती वरच राहिली आणि तिच्यावर नवी दाबली, तर फिल्टर नीट बसत नाही, पंप ऑइलऐवजी हवा ओढतो, आणि गाडी उभ्या जागी गुरगुरते पण पुढं जात नाही. माझ्या ओळखीत दोघांनी यामुळे पॅन पुन्हा उतरवला आहे.

पॅनमधल्या चुंबकांवर राखाडी चिखल दिसला तर घाबरू नका, तो आतल्या भागांच्या नेहमीच्या झिजेचा असतो. पुसा आणि परत लावा. चमकदार कपचे दिसले तर मात्र तिथंच थांबा. ते काम ऑइलचं नाही.

सिलिकॉनबद्दल मला चीड येते, कारण त्याचं नुकसान लगेच दिसत नाही. पॅन आवळला की जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला वळकटीसारखं येतं. काही दिवसांनी तिचा तुकडा सुटतो आणि फिल्टरच्या तोंडाशी किंवा व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब वाटणाऱ्या भागाच्या) बारीक वाटेत जाऊन बसतो. काही कंपन्या कारखान्यातच पॅनला द्रव गॅस्केट लावतात हे खरं आहे. तिथं त्यांनी सांगितलेलं सीलंट, सांगितलेल्या जाडीच्या ओळीत लावायचं असतं. पण जिथं रबरी किंवा कॉर्कची गॅस्केट नेमलेली आहे तिथं तीच आणा आणि कोरडी बसवा. पॅनचे बोल्ट सहसा सहा मिलिमीटरचे असतात, १० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे. मोठ्या पान्यानं जोर काढला की पत्र्याची कड वाकते आणि मग नवी गॅस्केटही गळते. ड्रेन प्लगचा (ऑइल सोडायच्या बुचाचा) वॉशर चाळीस-पन्नास रुपयांचा असतो. तो एकदाच चेपतो. नवा घ्या.

दर १०,००० ला बदलण्याचा सल्ला निव्वळ खर्च वाढवणारा आहे. गिअरबॉक्सच्या ऑइलात इंजिनासारखी काजळी येत नाही. ते तापून आणि क्लचच्या भुकटीनं खराब होतं. 'आयुष्यभर पुरणारं' हा शब्दही मी मानत नाही. झेडएफ स्वतःच आपल्या ऑटोमॅटिकसाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं सांगते. आपला उन्हाळा आणि सीताबर्डीची रेंगाळती रांग धरून मी ५०,०००-६०,००० ला बदलतो. समृद्धी महामार्गावर सरळ पळणाऱ्या गाडीपेक्षा शहरात थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीचं ऑइल लवकर खराब होतं, हेही लक्षात असू द्या.

राहिली लेव्हल. निघालं तेवढं मोजणं ही चांगली सुरुवात आहे, पण आधीच कमी असेल तर तुम्ही कमीच भरणार. शिवाय प्लग उघडल्यावर सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं. समजा एकूण ८ लिटर आहे आणि ३ निघालं. पहिल्या वेळी फार तर ३८ टक्के नवं होईल. मध्ये थोडी गाडी चालवून दुसऱ्यांदा केलं की ६१, तिसऱ्यांदा ७६ टक्के. म्हणजे तीन वेळा करायचं तर ९ लिटर ऑइल आणावं लागतं, आणि ते यादीत लिहिलेलं नाही.

आता नागपूरकरांसाठी खास. डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) नसलेल्या गाडीत गाडी सपाट उभी करून, इंजिन चालू ठेवून, खालचा लेव्हलचा प्लग उघडतात. जास्तीचं ऑइल धारेनं पडतं आणि धार थेंबांवर आली की प्लग लावतात. हे ठराविक तापमानालाच करायचं असतं. बऱ्याच टोयोटांत ते ३५ ते ४५ अंशांच्या आसपास आहे, तुमच्या गाडीचं पुस्तिकेत किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. ८ लिटर ऑइल ४० अंशांनी तापलं की साधारण पाव लिटर फुगतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. दुपारी अंगणात उभ्या गाडीचं ऑइल इंजिन सुरू होण्याआधीच त्या मर्यादेच्या काठावर असतं. तेव्हा प्लग उघडलात तर फुगलेलं ऑइल वाहून जाईल आणि गाडी थंड झाल्यावर लेव्हल कमी भरेल. म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीत करा, नाहीतर मे महिन्यात पहाटे साडेपाचला. यादीत एक ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) हवा, आणि तो तुमच्या गाडीच्या गिअरबॉक्सचं तापमान दाखवतो का हे विकत घेण्याआधी तपासा. गाडी चारही कोपऱ्यांना स्टँडवर, फक्त जॅकवर कधीच नाही. आणि ड्रेन प्लगला हात लावण्याआधी भरायचा प्लग सुटतो का ते बघा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही आधी ऑइल सोडलं असेल, तर गाडी जागेवरून हलत नाही.

मावसभावाच्या गाडीचं लाल ऑइल आम्ही काढलं. कंपनीचं सीव्हीटी ऑइल पार्ट नंबर बघून आणलं, दोन्ही फिल्टर बदलले, आणि तीन वेळा काढून-भरून केलं. थरथर जवळजवळ गेली. साठच्या वेगाला पुलीचा बारीक सूं आवाज येतो, तो आधी नव्हता, आणि तो काही गेला नाही.