आठ सेकंदांचं भूत

‘प्रेझेंटेशनचे पहिले आठ सेकंद जिंकले नाहीत तर सगळं संपलं’ असं बजावणारा एक मेसेज ठाण्यापासून ऐरोली-महापेपर्यंतच्या ऑफिस ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: माणसाचं लक्ष आता आठच सेकंद टिकतं, गोल्डफिशपेक्षाही कमी. बोलण्यात शब्दांचं वजन ७ टक्के, बाकी आवाज आणि देहबोली. नमस्कार-आभारांनी सुरुवात करायचीच नाही. त्यापेक्षा कल्पना करायला लावा, प्रश्न विचारून हात वर करायला लावा, नाहीतर सरळ धक्का द्या. बिल गेट्स यांनी नाही का सभागृहात डास सोडले! लिहिलंय मोठ्या ऐटीत, पण त्यातलं फार थोडं टिकतं.

आधी मासा. आठ सेकंदांचा हा आकडा मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेने २०१५ साली काढलेल्या एका अहवालामुळे जगभर झाला. २००० साली १२ सेकंद, २०१३ साली ८, आणि गोल्डफिश ९, असं त्यात छापलं होतं. हे आकडे मायक्रोसॉफ्टने स्वतः मोजलेले नव्हते, ‘स्टॅटिस्टिक ब्रेन’ नावाच्या एका संकेतस्थळावरून घेतलेले होते. २०१७ साली बीबीसीने त्यांचा माग काढला. त्या संकेतस्थळाने ज्या संस्थांचा हवाला दिला होता, त्यांच्याकडे असल्या संशोधनाची नोंदच निघाली नाही. गोल्डफिशचंही तसंच. त्याच्या स्मरणशक्तीवर शास्त्रज्ञ कित्येक दशकं प्रयोग करत आलेत. बिचाऱ्याला काही आठवतच नसतं तर ते कशाला त्याच्या वाटेला गेले असते? मुळात लक्ष किती टिकेल हे समोर काय चाललंय त्यावर ठरतं. गडकरी रंगायतनला दुपारच्या प्रयोगाला बसलेला ठाणेकर मध्यंतरातला बटाटावडा धरून अडीच-तीन तास बसतो, आणि पहिल्या अंकातलं वाक्य घरी जाताना रिक्षात म्हणून दाखवतो.

सात टक्क्यांचं प्रकरण जुनं आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी १९६७ साली केलेल्या दोन प्रयोगांतून ते आलं. त्यांत सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते, आणि विचारलं काय होतं, तर बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही. शब्द एक सांगतोय आणि सूर दुसरंच, अशा वेळी लोक कशावर विश्वास ठेवतात, एवढाच तो प्रश्न. हे सूत्र भावना आणि आवडीनिवडीपुरतंच आहे, असं मेहराबियन स्वतः सांगून थकले. तरी पटत नसेल तर पुनर्विकासाच्या सभेत बिल्डरचा माईक बंद पडू द्या. ‘असू दे, ९३ टक्के कळलं’ म्हणत किती सभासद घरी जातात ते बघा.

नमस्कार-आभारांना बंदी घालणाऱ्यांनी ११ सप्टेंबर १८९३ आठवावा. परदेशात गाजलेली भारतीय माणसाची सगळ्यात प्रसिद्ध सुरुवात म्हणजे शिकागोच्या धर्मपरिषदेतलं विवेकानंदांचं संबोधन. ते संबोधनच होतं, बाकी काही नाही. त्यापुढे त्यांनी काय केलं? स्वागताबद्दल आभार मानले. आपल्याकडे नारदीय कीर्तनातही आधी नमन, मग पूर्वरंगातलं निरूपण, आणि आख्यान उत्तररंगात. मंडळी चपला काढून, जागा धरून, शेजारणीला ‘सरक गं जरा’ म्हणून स्थिरावतात तोवर नमन चाललेलं असतं. आभाराची सात नावं वाचणं वेगळं, ते कंटाळवाणं असतंच. पण एका नमस्काराने कुणाचं प्रेझेंटेशन बुडालेलं मी पाहिलेलं नाही.

आता कल्पना करायला लावण्याबद्दल. नौपाड्यात, पाचपाखाडीत हल्ली प्रत्येक जुन्या सोसायटीत पुनर्विकासाची प्रेझेंटेशनं चालू आहेत, त्यामुळे हा प्रकार भरपूर बघायला मिळतो. आमच्या सभेत एका बिल्डरच्या माणसाने दिवे घालवले, संगीत सुरू केलं आणि म्हणाला, ‘कल्पना करा, तुम्ही पंचविसाव्या मजल्यावर चहा घेताय, समोर येऊरचे डोंगर…’ पडद्यावर ड्रोन फिरत होता. मागच्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, ‘दिवे लावा हो, आकडे लिहून घ्यायचेत.’ आकडे यायला पुढे अर्धा तास लागला, तोवर अर्धी सभा आपापसांत बोलत होती.

दुसऱ्या बिल्डरकडून एक बाई आल्या होत्या. नमस्कार केला आणि पहिलीच स्लाइड आमच्याच इमारतीची लावली: आजचा कार्पेट (घराचं आतलं क्षेत्रफळ), नवा कार्पेट, दरमहा भाडं, कॉर्पस म्हणजे सभासदाला मिळणारी एकरकमी रक्कम, ताब्याची मुदत, बँक गॅरंटी. मग म्हणाल्या, ‘यातला कुठला आकडा तुम्हाला कमी वाटतोय, तिथून सुरू करू.’ पार्किंगवरून जे सुरू झालं ते नऊ वाजले तरी संपेना. देहबोली कशी होती म्हणाल तर त्या बहुतेक वेळ कॅल्क्युलेटरमध्ये मान घालून उभ्या होत्या.

मेसेज लिहिणाऱ्याचा खरा घोटाळा इथे आहे. श्रोत्यांचं लक्ष हिसकावून घ्यावं लागतं, असं त्याने धरूनच टाकलंय. ज्याचं घर पाडायचंय तो माणूस लक्ष घेऊनच आलेला असतो. महाप्याच्या कारखान्यातला पर्चेस मॅनेजरसुद्धा. त्याला पहिल्या मिनिटात त्याचंच काम दिसलं पाहिजे.

गेट्स यांचे डास याच्या आड येत नाहीत. २००९ सालच्या टेड परिषदेतलं ते भाषण मलेरियावर होतं, आणि डास पहिल्या वाक्याला सोडलेच नव्हते. मलेरिया कसा पसरतो हे सांगता सांगता त्यांनी बरणी उघडली. डास हाच तर विषय होता. स्टीलच्या दरवाढीवर बोलताना कुणी फुगा फोडला, तर लोक दचकतील आणि मग फुग्याबद्दलच बोलतील.

‘हात वर करायला लावा’ हा सल्ला सोसायटीत तर धोक्याचाच. ‘तुमच्यापैकी किती जणांना मोठं घर हवंय?’ असं विचारलं की लगेच कुणीतरी उठून विचारतं, ‘हे मतदान आहे का? इतिवृत्तात येणार का?’

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये बरोबर आहे. कंपनीची स्थापना, संचालकांचे फोटो, मिळालेले पुरस्कार, असल्या स्लाइड पहिल्या लावू नका, असं त्यात म्हटलंय. त्या शेवटी ठेवा. कुणी विचारलं तर दाखवा.